पारा, गंधक आणि खाडींतले जंतु



ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर सानपाडा म्हणून जी वस्ती आहे, तिच्या नळांना येणारें पाणी खालापूर तालुक्यांतील मोरबे धरणांतून निघतें, भोकरपाड्याच्या केंद्रांत गाळलें जातें, आणि घरोघरीं पोंचण्यापूर्वीं त्यांत क्लोरिन मिसळतात. तेंच पाणी वापरून झालें म्हणजे सांडपाणी होऊन महानगरपालिकेच्या शुद्धीकरण केंद्राकडे जातें. तेथें मोठमोठ्या हौदांत हवा फुंकून जंतूंकडूनच त्यांतील घाण खाववितात, आणि हें काम उरकल्यावर उरल्यासुरल्या जंतूंना मारण्यासाठीं पुन्हां क्लोरिन घालतात. म्हणजे एकाच पाण्याच्या प्रवासांत आपण जंतूंवर दोनदां विषप्रयोग करतों, आणि मधल्या मुक्कामीं त्यांनाच नोकरीवर ठेवतों! या व्यवहारांत जंतूंची बाजू काय, त्यांना विषाची चाहूल लागते काय, आणि लागली तर ते काय करतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो इतिहासाच्या वाटेनें सांगणेंच बरें, कारण या प्रश्नाचें उत्तर विद्वानांना एका दिवसांत सांपडलेलें नाहीं; त्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

आरंभ खाडीच्या पलीकडच्या तीरावर, मुंबईंत करूं. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले. त्यानंतर शहरांत जो हलकल्लोळ झाला तो सर्वांना ऐकून ठाऊक आहे. म्युनिसिपालिटीनें कार्बोलिक आम्ल मिसळलेलें समुद्राचें पाणी गटारांतून लोटलें; घरांच्या भिंती आणि जमिनी पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावणानें धुऊन काढल्या; वरून चुना फांसला. पाऱ्याच्या या क्षारास त्या काळीं ‘परक्लोराइड ऑफ मर्क्युरी’ म्हणत. एवढें करूनहि रोग हटला नाहीं. तो पुढें कित्येक वर्षें दर हिवाळ्यांत परत येत राहिला.

याचें मुख्य कारण आज शाळेंतला मुलगाहि सांगेल. रोगाचा जंतु भिंतींवर नव्हताच. तो उंदरांच्या रक्तांत आणि त्यांच्या पिसवांच्या पोटांत होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें ही गोष्ट १८९८ सालीं मांडली, आणि परळच्या प्रयोगशाळेंत पुढें १९०५ नंतरच्या प्लेग कमिशननें ती निर्विवाद सिद्ध केली. ज्या शत्रूवर पाऱ्याचा मारा चालला होता तो त्या जागीं नव्हताच, मग त्याच्या प्रतिकाराची गोष्ट कशाला? हा आक्षेप योग्य आहे, आणि प्लेगपुरता मला तो मान्य आहे. परंतु जंतु खरोखरच भिंतीवर असता, तरी पाऱ्यानें तो खात्रीनें मेला असता काय? या प्रश्नाचें उत्तर देणारा प्रयोग मुंबईंत प्लेग येण्यापूर्वीं सात वर्षें होऊन गेला होता. मात्र त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नव्हतें.

पाऱ्याची प्रतिष्ठा वाढविली ती रॉबर्ट कॉखनें. १८८१ सालीं त्यानें रेशमाच्या दोऱ्यांवर काळपुळीच्या जंतूंचीं बीजें वाळविलीं, तीं निरनिराळ्या जंतुनाशकांत बुडविलीं, आणि मग पोषक द्रव्यावर ठेवून तीं रुजतात कीं नाहीं हें पाहिलें. कार्बोलिक आम्ल फिकें पडलें; पाऱ्याचा क्षार मात्र अगदीं अल्प प्रमाणांतहि विजयी ठरला. कॉखसारख्या माणसाचा निर्वाळा मिळाल्यावर दुसरें काय पाहिजे? पाऱ्याचीं द्रावणें सर्व जगांतल्या रुग्णालयांत व आरोग्यखात्यांत गेलीं.

१८८९ सालीं बॉन येथील गेपर्ट नांवाच्या संशोधकानें कॉखचाच प्रयोग पुन्हां केला, पण त्यांत एका पायरीची भर घातली. पाऱ्यांत बुडविलेलीं बीजें पोषक द्रव्यावर ठेवण्यापूर्वीं त्यानें त्यांवर अमोनियम सल्फाइड टाकलें. या पदार्थांत गंधक असतो. तो पाऱ्याला पकडून त्याचा काळा, निरुपद्रवी सांका करतो. असें करतांच मेलेलीं म्हणून गणलेलीं बीजें रुजलीं! तीं मेलेलीं नव्हतीं. पारा त्यांना केवळ चिकटून बसला होता, आणि चिकटलेल्या पाऱ्याखालीं तीं निपचित पडलीं होतीं.

पाऱ्याला गंधक आवरतो ही गोष्ट आपल्या देशांतील वैद्यांना नवीन नव्हती. खलांत पारा व गंधक एकत्र घोटून जी काळी कज्जली करतात, ती रसशास्त्रांतल्या कितीएक औषधांचा पाया आहे. आणि लाल हिंगूळ म्हणजे निसर्गानेंच घडविलेली पारा-गंधकाची जोडी होय. युरोपांत झाइझे या डॅनिश रसायनज्ञानें १८३४ च्या सुमारास गंधकयुक्त अशा एका दुर्गंधी द्रवाला ‘मरकॅप्टन’ हें नांव दिलें, त्याचा लॅटिन अर्थच मुळीं ‘पाऱ्याला पकडणारा’ असा आहे. आमच्या वैद्यांना जंतूंची कल्पना होती असें मी म्हणत नाहीं. असल्या दाव्यांचा मला कंटाळा आहे. पण खलांत जें घडतें तेंच जंतूच्या पेशींत घडतें, हें लक्षांत ठेवल्यास पुढचा सारा भाग सोपा होईल.

तें असें. जंतूच्या शरीराचीं सर्व कामें प्रथिनें करतात, आणि प्रथिनें वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळा असतात. त्यांपैकीं सिस्टीन नांवाच्या मण्याच्या टोंकाला गंधकाचा एक अणु असतो. पुष्कळ प्रथिनांचें काम नेमकें याच गंधकावर चालतें. पारा पेशींत शिरला कीं तो या गंधकांना जखडतो, आणि जेवढीं प्रथिनें जखडलीं तेवढें काम बंद पडतें. १९४० सालीं पॉल फिल्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञानें हें स्पष्ट दाखवून दिलें: पाऱ्यानें खुंटलेल्या जंतूंना गंधकयुक्त संयुगें दिलीं तर ते पुन्हां वाढूं लागतात. गेपर्टच्या कोड्याचा उलगडा होण्यास पन्नास वर्षें लागलीं. शेणानें सारवलेल्या जमिनीवर आणि मळलेल्या भिंतीवर ओतलेला पारा कां वायां जातो, हेंहि यावरून कळतें. तेथल्या सेंद्रिय द्रव्यांतले गंधक त्याला वाटेंतच अडवितात.

येथपर्यंत जंतु केवळ मार खाणारा आहे. पाऱ्यानें त्याला धरलें, दुसऱ्या कोणी सोडविलें. तो स्वतः कांहीं करतो ही कल्पना आली ती रुग्णालयांतून. १९६० च्या सुमारास रुग्णालयांत सांपडणाऱ्या, पू उत्पन्न करणाऱ्या गोल जंतूंपैकीं कांहीं जाती पाऱ्याला दाद देईनातशा झाल्या होत्या. जपानांत तर प्रश्न फारच भीषण रूपानें पुढें आला होता. १९५६ सालीं मिनामाता येथें मज्जासंस्थेचा भयंकर रोग उघडकीस आला; कारखान्यानें समुद्रांत सोडलेला पारा मासळीवाटे माणसांच्या पोटांत गेल्यानें तो झाला होता. त्यानंतर जपानी संशोधकांनीं पाऱ्यानें दूषित झालेल्या मातींतून पाऱ्यांत जगणारे जंतु वेगळे केले. १९७२ सालीं अमेरिकेंत अ‍ॅन समर्स आणि सायमन सिल्व्हर यांनीं आंतड्यांत राहणाऱ्या कोलाय जंतूच्या एका जातीविषयीं दाखवून दिलें कीं, ती पाऱ्याच्या विषारी क्षाराचा शुद्ध धातुरूप पारा करते. असा पारा वाफ होऊन हवेंत निघून जातो, आणि जंतु सुटतो.

ही युक्ति कशी चालते तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण तींत मौज आहे. जंतूच्या बाहेरच्या आवरणाखालीं एक लहानसें प्रथिन पहाऱ्यावर असतें. त्याच्या अंगीं दोन गंधक असतात. तें आंत येऊं पाहणाऱ्या पाऱ्याला धरतें आणि आंतल्या पडद्यांतील दुसऱ्या प्रथिनाच्या हवालीं करतें, तें तिसऱ्याच्या. प्रत्येक हातबदल गंधकाकडून गंधकाकडे होतो, म्हणून पाऱ्याला मोकळें फिरण्यास वावच मिळत नाहीं. शेवटचें प्रथिन हें खरें एन्झाइम. तें पाऱ्याच्या अणूला दोन इलेक्ट्रॉन देऊन धातुरूप करतें. विष बाहेर अडविण्याऐवजीं त्याला हातानें धरून आंत आणावें आणि मग निर्विष करावें, असें हें धोरण आहे.

परंतु ही सर्व यंत्रणा नेहमीं चालू ठेवणें जंतूला परवडत नाहीं. पारा नसतांना ती व्यर्थ खर्चाची आहे. मग पारा आला हें ओळखतो कोण? डी. एन. ए.च्या लांब दोरीवर, या यंत्रणेच्या आज्ञा जेथून वाचावयाच्या त्या जागेवर, एक जोडप्रथिन बसून असतें. त्या जागीं आज्ञा वाचणाऱ्या यंत्राला धरावयाच्या दोन खुणा असतात. साधारणपणें अशा खुणांमध्यें सतरा अक्षरांचें अंतर असतें. येथें तें एकोणीस आहे. त्यामुळें वाचणारें यंत्र येऊन बसतें खरें, पण त्याला दुसरी खूण नीट हातीं लागत नाहीं. पाऱ्याचा एक अणु आला आणि त्या जोडप्रथिनाच्या तीन गंधकांमध्यें अडकला, कीं तें प्रथिन खालची दोरी किंचित् पिळतें. तेवढ्यानें दोन्ही खुणा एका रेषेंत येतात आणि वाचन सुरू होतें. क्रिस्टोफर वॉल्श, टॉमस ओहॅलोरन आदि रसायनज्ञांनीं १९८७ ते १९९२ च्या दरम्यान हा प्रकार पायरीपायरीनें उलगडला. ज्या गंधकाला पारा मारतो, त्याच गंधकाचा जंतूनें पाऱ्याची चाहूल घेणारा कान केला आहे.

आतां क्लोरिनकडे वळूं, कारण आपल्या नळांत पारा नसून तो आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत सेमेलवाइसनें १८४७ सालीं डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्यानें हात धुण्यास लावलें आणि बाळंतरोगानें होणारे मृत्यु झपाट्यानें घटले. १९०८ सालीं अमेरिकेंतील जर्सी सिटीनें पिण्याच्या पाण्यांत नित्य क्लोरिन घालण्यास आरंभ केला. क्लोरिन पाण्यांत विरघळला म्हणजे हायपोक्लोरस आम्ल होतें, आणि हें आम्ल जें दिसेल त्याला जाळीत सुटतें. त्यांतहि सर्वांत आधीं कोणाला, तर पुन्हां सिस्टीनच्या गंधकालाच.

जंतूंना हा शत्रु नवीन होता काय? मुळींच नाहीं. आपल्या रक्तांतील श्वेतपेशी जंतूला गिळल्यावर त्याच्या अंगावर हेंच हायपोक्लोरस आम्ल सोडतात. हें कार्य करणाऱ्या एन्झाइमचें महत्त्व १९६० नंतरच्या दशकांत कळलें. मनुष्यानें क्लोरिन बाटलींत भरण्यापूर्वीं कोट्यवधि वर्षें जंतु त्याच्याशीं झगडत आले आहेत. त्याच्याहि आधींपासून ते प्राणवायूशीं झगडत आहेत. पृथ्वीवर प्राणवायु वाढला तेव्हां तोच मोठा विषारी वायु होता, आणि त्यापासून पेशींत आपोआप तयार होणारें हायड्रोजन पेरॉक्साइड अजूनहि विषच आहे. जखमेवर त्याचे थेंब टाकले म्हणजे फेंस येतो तो कशाचा? पेरॉक्साइड फोडून त्याचें पाणी व प्राणवायु करणाऱ्या एन्झाइमचा. ऑस्कर लोएव्ह यानें १९०१ सालीं त्यास ‘कॅटॅलेज’ असें नांव दिलें. तें आपल्या पेशींत आहे तसेंच बहुतेक हवेंत वाढणाऱ्या जंतूंतहि आहे.

पेरॉक्साइडच्या संदर्भांतच चाहूल घेण्याचें तत्त्व प्रथम नीट उजेडांत आलें. १९८३ सालीं ब्रूस डेंपल आणि त्यांच्या सहकाऱ्याला असें आढळलें कीं, कोलाय जंतूंना पेरॉक्साइडची थोडी, न मारणारी मात्रा आधीं दिली, तर पुढें दिलेली मोठी मात्रा ते पचवितात. दोन वर्षांनीं ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेनें ही तयारी करविणारें प्रथिन शोधून काढलें. त्याचें नांव ‘ऑक्सिआर’. गिझेला स्टॉर्झ यांनीं पुढें दाखविलें कीं, पेरॉक्साइड आलें म्हणजे या प्रथिनांतील दोन दूरचे गंधक एकमेकांना सांखळीसारखे जोडले जातात, प्रथिनाचा आकार पालटतो, आणि कॅटॅलेजसह कितीएक संरक्षक एन्झाइमें तयार होऊं लागतात. धोका सरला कीं ती कडी पुन्हां सोडविली जाते. क्लोरिनच्या बाबतींतहि असेंच निघालें: उर्सुला जाकोब यांच्या मंडळींनीं २००८ सालीं एक असें प्रथिन दाखविलें कीं, जें क्लोरिननें स्वतः उलगडतें आणि इतर प्रथिनांना दह्यासारखें विरजून जाण्यापासून वांचवितें, १९१३ नव्हे, २०१३ सालीं, म्हणजे अगदीं अलीकडे, क्लोरिनची चाहूल घेऊन जनुकें चालू करणारीं प्रथिनेंहि त्यांना गवसलीं. तेथेंहि कान गंधकाचाच.

हें केवळ कौतुकाचें शास्त्र नव्हे. पाण्यांत क्लोरिन घातल्यानंतर अर्धा तास थांबावें, आणि अर्ध्या तासानंतरहि लिटरमागें निदान अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन शिल्लक असावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या भारतीय मानकाप्रमाणें नळाशीं किमान ०.२ मिलिग्रॅम तरी राहिला पाहिजे. हे आंकडे जंतूंचा प्रतिकार मोडण्यापुरते जबरदस्त आहेत. पुरेशी मात्रा असली म्हणजे जंतूच्या सर्व कड्या व कुलुपें कामास येत नाहींत, आणि तो मरतो. परंतु इमारतीच्या गच्चीवरील टांकी वर्षानुवर्षें धुतली नाहीं, तर तळाचा गाळ क्लोरिन पिऊन टाकतो. मग उरते ती नेमकी न मारणारी मात्रा. गाळाच्या चिकट थरांत दडलेल्या जंतूला तिचें भय राहत नाहीं. टांकी धुण्याचें काम सोसायटीच्या सभेंत पुढें ढकलणाऱ्यांनीं हें ध्यानांत घेतल्यास बरें होईल.

आतां पुन्हां खाडीकडे. क्लोरिन येतो कोठून? मिठाच्या पाण्यांतून विजेचा प्रवाह नेला म्हणजे एका टोंकाला क्लोरिन निघतो आणि दुसऱ्याकडून कॉस्टिक सोडा मिळतो. विसाव्या शतकांतल्या जुन्या पद्धतींत हें दुसरें टोंक म्हणजे वाहत्या पाऱ्याचा थर असे. मिठांतला सोडियम त्या पाऱ्यांत विरघळे, आणि मग पाण्याशीं मिळून त्याचा सोडा होई. या फेऱ्यांत थोडाथोडा पारा निसटत राही. ठाणें-बेलापूर पट्ट्यांत औद्योगिक वसाहत उभी राहिल्यावर अशा कारखान्यांचें सांडपाणी खाडीस मिळालें. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील झिंगडे आणि देसाई यांचा ठाणें खाडींतील पाऱ्याविषयींचा निबंध १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. पाणी शुद्ध करणारा क्लोरिन तयार करतांना खाडींत पारा जावा, आणि दोहोंचाहि घाव जंतूच्या एकाच गंधकावर पडावा, असा हा योग आहे.

त्याच संस्थेंतील एन. रामय्या व जयशंकर दे यांनीं २००३ सालीं भारताच्या किनाऱ्यावरील पाण्यांत व गाळांत पाऱ्याला न जुमानणारे जंतु असाधारण वाढल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांतले कांहीं जंतु शिसें व कॅडमियमहि निरुपद्रवी करूं शकतात असें पुढें २००८ सालीं दाखविलें. वाचणाऱ्याला प्रथम आनंद होतो: बरें झालें, खाडीला आपले झाडूवाले मिळाले! आनंद पुरता खोटा नाहीं. दूषित पाणी अशा जंतूंकरवीं स्वच्छ करण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. तथापि दोन गोष्टी त्याच्या आड येतात. पहिली अशी कीं, जंतु पारा नाहींसा करीत नाहीं. तो हवेंत सोडतो, आणि हवेंतला पारा कधींतरी पावसाबरोबर दुसऱ्या कोणाच्या अंगणांत उतरतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पाऱ्याविरुद्धचीं जनुकें पुष्कळदां प्लॅस्मिड नांवाच्या सुट्या वर्तुळाकार डी. एन. ए.वर असतात, आणि एक जंतु तें वर्तुळ दुसऱ्याला देऊं शकतो. त्याच वर्तुळावर पेनिसिलिनसारख्या औषधांना निष्फळ करणारीं जनुकेंहि शेजारीं बसलेलीं असतात. हें शेजारपण रुग्णालयांतल्या जंतूंत १९६० नंतरच्या दशकांतच दिसून आलें होतें. १९९३ सालीं समर्स यांनीं माकडांच्या दांतांत पाऱ्याच्या मिश्रणाचें चांदीभरण केलें, तेव्हां त्यांच्या तोंडांत व आंतड्यांत पाऱ्याला आणि त्याबरोबर औषधांनाहि दाद न देणारे जंतु वाढले. औषध मात्र कोणीं दिलेंच नव्हतें. म्हणून ज्या खाडींत शहराचें सांडपाणी व कारखान्याचा पारा एकत्र येतो, तेथें पारा हा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा पोशिंदा होऊं शकतो. हीं जनुकें मनुष्यानें निर्माण केलीं असें मात्र नव्हे. सायबेरियाच्या हजारों वर्षें गोठलेल्या जमिनींतल्या जंतूंतहि तीं सांपडलीं आहेत. आपण फक्त त्यांना भाव मिळवून दिला.

पाऱ्याचे विद्युत्कोश आपल्या देशांत टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचें २००३ सालीं ठरलें आणि त्यांच्या जागीं पडद्याचे कोश आले. मिनामाताच्याच नांवानें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास भारतानें २०१८ सालीं मान्यता दिली. परंतु जुना पारा गाळांत बसून आहे. सानपाड्याहून मुंबईकडे जाणारी गाडी वाशीच्या पुलावर येते तेव्हां ओहोटीच्या वेळीं दोन्ही काठांना जो काळा चिखल दिसतो, त्याचा काळेपणा बव्हंशीं लोखंड व गंधकाच्या संयुगांचा आहे. तेथें प्राणवायूवांचून जगणारे जंतु समुद्राच्या पाण्यांतल्या सल्फेटपासून गंधकाचे हे पदार्थ करतात, आणि पारा त्यांत अडकून राहतो, कज्जलींत राहतो तसा. दुर्दैवानें याच जंतूंच्या मंडळींत असेहि आहेत कीं, जे पाऱ्याला कार्बन जोडून मिनामाताचें तें विष, मेथिल पारा, तयार करतात. हें काम करणारीं दोन जनुकें २०१३ सालीं ओळखलीं गेलीं. उलट, वरच्या हवेशीर थरांतल्या कांहीं जंतूंजवळ हीच जोडी तोडणारें एन्झाइम असतें. एकाच वीतभर चिखलांत एक विष घडवितो आणि दुसरा तें मोडतो. कोणत्या दिवशीं कोणाची सरशी होईल, हें त्या चिखलांत प्राणवायु किती, गंधक किती आणि सेंद्रिय घाण किती यावर ठरतें. आणि पुलासाठीं, धक्क्यासाठीं किंवा भरावासाठीं गाळ उपसला जातो तेव्हां या तिन्ही गोष्टी एकदम पालटतात.